अंतिम क्षणाचा निर्णय : करुणा, कायदा आणि श्रावकधर्म

व्यापारी घराण्यात कागदाला मान असतो. भागीदारीचा करार, दुकानाच्या भाड्याचा दस्त, विम्यावरील वारसाची नोंद, मुलांमधील वाटणीचे मृत्युपत्र यांपैकी एकही गोष्ट शहाणा गृहस्थ तोंडी ठेवत नाही. तोंडी ठेवले तर मागे राहणाऱ्यांत वाद होतात, हे त्याला पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवाने ठाऊक असते. मात्र एक गोष्ट बहुतेक घरांत ना कागदावर येते, ना बोलण्यात. असाध्य आजारात हृदय थांबले, तर ते पुन्हा चालू करण्याचा प्रयत्न करावा की नाही, हा तो प्रश्न. मग एखाद्या रात्री अतिदक्षता विभागाच्या दाराशी डॉक्टर तो प्रश्न थोरल्या मुलाला विचारतात आणि उत्तरासाठी त्याच्यापाशी काही मिनिटेच असतात.

रुग्णालयात या निर्णयाला ‘डीएनआर’ म्हणतात. ‘डू नॉट रिससिटेट’, म्हणजे हृदय व श्वास थांबल्यास पुनरुज्जीवनाचा प्रयत्न करू नये, अशी केसपेपरवरील लेखी सूचना. अहिंसेला परमधर्म मानणाऱ्या समाजात या तीन अक्षरांनी मन दचकते. ही हिंसा तर नव्हे? हे इच्छामरण तर नव्हे? की हीच आजच्या काळातील सल्लेखना? तिन्ही प्रश्नांचे उत्तर शांतपणे शोधण्याजोगे आहे, आणि ते घरात कोणी आजारी नसताना शोधलेले बरे.

सूचनेचा नेमका अर्थ

बंद पडलेले हृदय बाहेरून छाती दाबून चालू ठेवण्याची आजची पद्धत अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातील संशोधकांनी 1960 मध्ये जगापुढे मांडली. ती ‘सीपीआर’ या नावाने ओळखली जाते. बुडालेला, विजेचा धक्का बसलेला किंवा अचानक हृदयविकाराचा झटका आलेला, पण एरवी सशक्त असलेला माणूस तिने वाचू शकतो. असंख्य माणसे वाचलीही आहेत. प्रत्येक दुकानातील, प्रत्येक सोसायटीतील एकदोघांनी ती शिकून घ्यावी, इतकी ती मोलाची आहे.

पुढे रुग्णालयांत ती सरसकट सर्वांवर होऊ लागली. अखेरच्या टप्प्यातील कर्करोग असो, निकामी मूत्रपिंडे असोत वा वार्धक्याने थकलेला देह असो, हृदय थांबले की छातीदाब सुरू. तेव्हा तिची मर्यादाही लक्षात आली. मिनिटाला शंभर ते एकशे वीस वेळा, सुमारे पाच सेंटिमीटर खोल छाती दाबावी लागते. वृद्धांच्या फासळ्या त्यात अनेकदा मोडतात. घशात नळी घातली जाते, विजेचे झटके दिले जातात. रक्तपुरवठा चारपाच मिनिटे थांबला तरी मेंदूला इजा होऊ लागते. पाश्चात्त्य देशांतील मोठ्या नोंदी पाहता, रुग्णालयात हृदय थांबलेल्या प्रौढांपैकी साधारण पाचांतील एक जण जिवंत घरी जातो. आजार असाध्य आणि अखेरचा असेल, तर हे प्रमाण फारच खाली येते. म्हणूनच 1970 च्या दशकात अमेरिकेतील रुग्णालयांनी अशा रुग्णांसाठी ‘प्रयत्न करू नये’ ही नोंद उघडपणे लिहिण्यास आरंभ केला.

सूचनेची कक्षा मात्र अरुंद आहे, आणि गैरसमज तिथेच होतो. ही सूचना केवळ एका कृतीपुरती असते. हृदय थांबले तर ते पुन्हा चालू करण्याची धडपड करायची नाही, एवढाच तिचा अर्थ. प्रतिजैविके, रक्त, प्राणवायू, वेदनाशामक औषधे, जखमेची मलमपट्टी, तोंड ओले करणे, कूस बदलणे हे सारे चालूच राहते. ‘आता काही करू नका’ असे ती म्हणत नाही.

अतिदक्षता विभागाच्या दाराशी

निर्णय आधी झालेला नसला, की काय घडते हे बहुतेक कुटुंबांनी पाहिलेले असते. आजाराचे खरे नाव वडीलधाऱ्यांपासून लपवलेले असते. ‘दादांना सांगू नका, धीर सोडतील’ असे सगळेच म्हणतात. त्यामुळे ज्यांचा देह, त्यांनाच कोणी विचारत नाही. थोरला मुलगा पेढी सोडून धावत आलेला, धाकटा परदेशातून फोनवर. वर्षभर पथ्यपाणी सांभाळणारी सून कोपऱ्यात उभी आणि सासरी असलेली लेक अजून वाटेतच. डॉक्टर विचारतात, ‘सगळे करायचे ना?’ या प्रश्नाला ‘नको’ म्हणण्याचे बळ कोणत्या मुलापाशी असेल? उद्या बैठकीला आलेले आप्त विचारणार, प्रयत्न केले होते ना? मग तो ‘हो, सगळे करा’ म्हणतो. वडिलांची इच्छा काय होती, हे त्याला ठाऊक नसते. बोलणारा असतो तो त्याचा धाक.

याची दुसरी बाजूही तितकीच क्लेशदायक आहे. आठवडे उलटतात, बिल वाढते, सुधारणा नसते. मग कुटुंब डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध, आपल्या जबाबदारीवर रुग्णाला घरी नेत असल्याच्या कागदावर सही करते. रुग्णवाहिकेतून देह घरी येतो, पण वेदनेवरचे औषध आणि ते देणारा जाणकार माणूस सोबत येत नाही. धाप लागलेली, घशात घरघर, आणि भोवतालची माणसे असहाय. नीट विचाराने घेतलेला निर्णय टाळल्याची ही किंमत असते, आणि ती आजारी माणूस चुकवतो.

ही हिंसा आहे काय?

जैन दर्शनात हिंसेची व्याख्या सूक्ष्म आहे. तत्त्वार्थसूत्राने प्राणांच्या घाताला ‘प्रमत्त योगा’ची जोड दिली आहे. रागद्वेष, लोभ, प्रमाद यांनी कलुषित झालेल्या मन-वचन-कायेच्या प्रवृत्तीतून झालेला घात, ती हिंसा. म्हणूनच द्रव्यहिंसा व भावहिंसा हा भेद केला जातो. बाहेरून कृती सारखीच दिसली, तरी भाव वेगळा असेल तर बंध वेगळा.

ही कसोटी डीएनआरला लावली, की चित्र स्पष्ट होते. मिळकतीची घाई, खर्चाचा कंटाळा, सेवेचा उबग यांतून कोणी ‘नको’ म्हणत असेल, तर डॉक्टरांनी हातही न लावता तिथे भावहिंसा घडली. उलट, देह आता परतणार नाही हे जाणून, रुग्णाच्या स्वतःच्या इच्छेचा मान राखून, त्याला निष्फळ यातनांतून वाचवण्यासाठी ‘नको’ म्हटले, तर प्राण घेतला तो आजाराने. आणि तिसरी शक्यता फारशी बोलली जात नाही. लोकलाजेपोटी किंवा मोहापोटी ‘सगळे करा’ म्हणत मृत्युपंथाला लागलेल्या देहावर आघात करवणे, हेही कषायमुक्त नसते.

तरीही सीमारेषा ठाम असली पाहिजे. 1928 मध्ये साबरमती आश्रमात असाध्य वेदनेने तळमळणाऱ्या एका वासराला गांधीजींनी डॉक्टरकरवी विषारी इंजेक्शन देववून वेदनामुक्त केले. ही अहिंसाच आहे, असे त्यांचे म्हणणे होते. अहिंसाधर्मी समाजातून, विशेषतः जैनांकडून, त्यावर तीव्र आक्षेप आले. वेदना थांबवण्यासाठी वेदना भोगणाऱ्यालाच संपवणे जैन मनाला मान्य झाले नाही. पांजरपोळांची परंपरा हेच सांगते. तिथे भाकड, लंगड्या, जर्जर जनावराला मारले जात नाही. त्याला चारा-पाणी, सावली दिली जाते, आणि मरण आपल्या पावलांनी येते. डीएनआरची जागा या परंपरेच्या विरोधात नाही. तिच्यात मृत्यू दिला जात नाही. आलेला मृत्यू बळाने मागे ढकलण्याचा निष्फळ यत्न तेवढा केला जात नाही. प्राणघातक इंजेक्शन देणे भारतीय कायद्यानेही गुन्हाच आहे, आणि श्रावकाच्या दृष्टीनेही ते वर्ज्यच राहील.

आयुष्यकर्म संपल्याशिवाय मरण नाही, मग उपचाराची चर्चा कशाला, असेही कोणी म्हणतो. परंतु धर्माने औषधदानाला चार दानांत स्थान दिले आणि वैयावृत्त्याला अंतरंग तपांत गणले. उपचार हा पुरुषार्थ आहे. साध्य आजारात तो सोडणे हा प्रमाद होय. प्रश्न निर्माण होतो तो आजार असाध्य ठरल्यानंतरच.

ही सल्लेखना आहे काय?

येथेही काटेकोरपणा हवा. आचार्य समंतभद्रांनी रत्नकरंड श्रावकाचारात सल्लेखनेचे प्रसंग सांगताना उपसर्ग, दुर्भिक्ष, जरा आणि रोग यांच्यासोबत एक अट घातली आहे. त्यांवर कोणताही प्रतिकार उरलेला नसावा. म्हणजे आधी इलाज, आणि इलाज खुंटल्यावरच सल्लेखना. डीएनआरची वैद्यकीय अटही हीच आहे. साम्य मात्र बहुतांशी इथेच संपते.

सल्लेखना, किंवा श्वेतांबर परंपरेतील संथारा, हे व्रत आहे. ते शुद्धीत, गुरूंच्या अनुज्ञेने, सर्वांची क्षमा मागून, कषाय आणि काया दोन्ही कृश करीत घेतले जाते. चारित्रचक्रवर्ती आचार्य शांतिसागर महाराजांनी 1955 मध्ये कुंथलगिरीवर सल्लेखना घेतली. दृष्टी मंद झाली होती. जीवरक्षा करीत पाऊल टाकणे, म्हणजे ईर्यासमितीचे पालन, अशक्य होऊ लागले होते. संयम ढळण्याआधी त्यांनी देहाचा मोह सोडला, आणि 18 सप्टेंबर रोजी समाधी साधली. तिथे अखेरपर्यंत जागृती होती. बेशुद्ध रुग्णाच्या केसपेपरवर नातेवाइकाने केलेली सही या व्रताच्या जवळपासही येत नाही. तिला सल्लेखना म्हणणे हा व्रताचा अवमान होईल, आणि त्या नावाखाली निष्काळजीपणा लपण्याचा धोकाही आहे.

कायद्याच्या दृष्टीनेही दोन्ही विषय वेगळे आहेत. राजस्थान उच्च न्यायालयाने 10 ऑगस्ट 2015 रोजी संथाऱ्याला आत्महत्येसमान मानणारा निकाल दिला. देशभर जैन समाजाने मूक मोर्चे काढले, आणि 31 ऑगस्ट रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली. तो वाद धर्मस्वातंत्र्याचा आहे. डीएनआरचा प्रश्न रुग्णाच्या हक्काचा आहे.

तरी एक धडा सल्लेखनेकडून जरूर घ्यावा. तिच्या पाच अतिचारांत ‘जीविताशंसा’ आणि ‘मरणाशंसा’ हे दोन्ही शेजारी शेजारी ठेवले आहेत. जगण्याची लालसा हा दोष, तसाच मरणाची उतावीळ हाही दोष. अंतिम आजारातील प्रत्येक निर्णयाला हा तराजू लावता येतो. ‘काहीही करून जगवाच’ आणि ‘लवकर सुटका होऊ द्या’ ही दोन्ही टोके टाळून मधला समभाव साधणे, हे रुग्णाचेही काम आणि घरच्यांचेही.

समाधिमरणाची आकांक्षा बाळगणाऱ्या श्रावकाला आणखी एक गोष्ट महत्त्वाची वाटेल. कानी णमोकार मंत्र पडावा, आप्त जवळ असावेत, मन शांत असावे, अशी त्याची इच्छा असते. छातीदाब चालू असताना नातेवाइकांना सहसा बाहेर काढले जाते. अखेरची ती पंधरावीस मिनिटे परक्यांच्या गर्दीत आणि यंत्रांच्या आवाजात जावीत की मुलाच्या हातात हात ठेवून, हा धर्माचाही प्रश्न आहे.

निर्णय कोणाचा?

मुंबईच्या केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर 27 नोव्हेंबर 1973 रोजी अमानुष हल्ला झाला. त्यानंतर जवळजवळ बेचाळीस वर्षे त्या त्याच रुग्णालयात अर्धचेतन अवस्थेत होत्या. त्यांना देण्यात येणारे अन्न थांबवावे, अशी विनंती एका लेखिकेने सर्वोच्च न्यायालयाला केली. 7 मार्च 2011 रोजी न्यायालयाने ती अमान्य केली. इतकी वर्षे त्यांना भरवणाऱ्या, स्वच्छ ठेवणाऱ्या केईएमच्या परिचारिका व कर्मचाऱ्यांचे म्हणणे न्यायालयाने ग्राह्य मानले, आणि त्यांना अरुणाताई हव्या होत्या. 18 मे 2015 रोजी न्यूमोनियाने त्यांचे निधन झाले. ज्याने सेवा केली त्याच्या शब्दाला वजन, हे या निकालाचे सार प्रत्येक घराने ध्यानात ठेवावे. निर्णयाच्या वेळी पेढीचा कारभार पाहणाऱ्याइतकाच, किंबहुना अधिक, आवाज रात्र रात्र उशाशी बसणाऱ्या सुनेचा, पत्नीचा, लेकीचा असावा.

त्याच निकालाने असाध्य रुग्णाचा जीवनरक्षक आधार काढण्याचा मार्ग तत्त्वतः खुला केला. पुढे 9 मार्च 2018 रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने, सन्मानाने मरण येणे हाही संविधानाच्या अनुच्छेद 21 मधील जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असे ठरवले आणि वैद्यकीय इच्छापत्राला मान्यता दिली. तेव्हाची प्रक्रिया फार किचकट होती. इच्छापत्रावर न्यायदंडाधिकाऱ्याची सही लागे. 24 जानेवारी 2023 रोजी न्यायालयाने ती सोपी केली. आता सज्ञान व समर्थ मनाच्या व्यक्तीने दोन साक्षीदारांसमक्ष सही करून ते नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकित करून घेतले, की पुरे. आपल्या वतीने बोलण्यासाठी एकाहून अधिक विश्वासू व्यक्तींची नावे त्यात देता येतात. एक प्रत कुटुंबाच्या डॉक्टरांकडे, एक स्थानिक स्वराज्य संस्थेने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे ठेवता येते. मन बदलले तर ते केव्हाही लेखी रद्द करता येते.

जीवनरक्षक उपचार थांबवण्याची वेळ आली, तर रुग्णालयाचे पहिले मंडळ विचार करते. त्यात उपचार करणारे डॉक्टर आणि किमान पाच वर्षांचा अनुभव असलेले दोन तज्ज्ञ असतात. त्यांच्या मतावर दुसरे, वेगळ्या डॉक्टरांचे मंडळ निर्णय देते. दोन्ही मंडळांनी शक्यतो अठ्ठेचाळीस तासांत मत द्यावे, अशी अपेक्षा आहे. संशयाला जागा राहू नये, म्हणून ही दुहेरी तपासणी.

डीएनआरबाबत भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने 2020 मध्ये स्वतंत्र मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. त्यांचा आग्रह सरळ आहे. या विषयाची चर्चा उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी वेळीच सुरू करावी. रुग्ण शुद्धीत व समर्थ असेल तर आधी त्याच्याशीच बोलावे, नसेल तर त्याच्या जवळच्यांशी. निर्णय लेखी नोंदवावा, प्रकृतीनुसार त्याचा फेरविचार करावा, आणि बाकीची शुश्रूषा कमी होऊ देऊ नये.

कागदावर काय लिहावे

वैद्यकीय इच्छापत्र म्हणजे जीवनाचा त्याग नव्हे. त्यात ‘मला वाचवा’ असेही लिहिता येते. बरे होण्याची वाजवी आशा असेल तोवर सर्व उपचार व्हावेत, हे त्यातले पहिले वाक्य असावे. नंतर, आजार असाध्य ठरल्यास सीपीआर, कृत्रिम श्वसनयंत्र, डायलिसिस, नळीने अन्न यांपैकी काय हवे, काय नको, हे वेगवेगळे नोंदवावे. वेदनाशमन शेवटपर्यंत व्हावे, हे स्पष्ट लिहावे.

जैन श्रावकाला आणखी काही नोंदी कराव्याशा वाटतील. चौविहाराचा किंवा अन्य व्रताचा नियम, नळीतून दिल्या जाणाऱ्या आहारात काय वर्ज्य, जिलेटिनच्या कॅप्सूलला पर्याय शक्य असल्यास तो, शक्य तेव्हा घरीच राहण्याची इच्छा, साधू-साध्वींचे दर्शन व मांगलिक, आणि नेत्रदान. डॉक्टरांना हे आपोआप कळत नाही. लिहिले तर ते बहुधा आदराने पाळतात.

लिहिण्याहून मोलाचे आहे ते बोलणे. कागद तिजोरीत राहिला आणि मुलांना ठाऊकच नसला, तर मध्यरात्री त्याचा उपयोग नाही. पर्युषणात, दशलक्षणात वा चातुर्मासातील एखाद्या निवांत दुपारी, घर एकत्र जमलेले असताना, थोरल्यांनी स्वतःहून विषय काढावा. मुले संकोचतील, ‘असे अभद्र बोलू नका’ म्हणतील. तरी बोलावे. क्षमापनेच्या दिवशी ज्या मोकळेपणाने वर्षाचा हिशेब चुकता केला जातो, त्याच मोकळेपणाने हाही करता येईल.

नकारानंतरची सेवा

डीएनआरची खरी परीक्षा सही झाल्यानंतर सुरू होते. ‘आता काही उरले नाही’ म्हणून माणसे पांगली, तर घेतलेला निर्णय कितीही शुद्ध असला तरी वागणूक अशुद्ध ठरते. प्रयत्नाची दिशा बदलते, प्रयत्न संपत नाही. वेदनाशामक उपचारांचे शास्त्र आज महाराष्ट्रातही रुजले आहे. मुंबईत वांद्र्याचे शांती आवेदना सदन 1986 पासून, आणि पुण्यात वारज्याचे सिप्ला उपशामक केंद्र 1997 पासून कर्करोगाच्या रुग्णांची अशी शुश्रूषा करीत आहे. धाप, वेदना, मळमळ, भीती यांवर इलाज असतो, आणि तो घरीही देता येतो.

जैन ट्रस्टांनी आजवर दवाखाने, धर्मशाळा, रक्तपेढ्या, पांजरपोळ उभारले. गावोगावी घरी जाऊन असाध्य रुग्णांची काळजी घेणारी परिचारिका, वेदनाशमनाचे प्रशिक्षण घेतलेला एखादा डॉक्टर, आणि इच्छापत्र लिहिण्यास मदत करणारा समाजातील वकील, एवढे जुळवून आणणे या दानपरंपरेला अवघड नाही. वैयावृत्त्य ते हेच.

मुलाच्या खांद्यावर आयुष्यभर राहील असे ओझे ठेवून जाणे कोणत्याही पित्याला आवडणार नाही. पेढीचे कर्ज तो मागे ठेवत नाही. आपल्या अंतिम क्षणाचा अनिर्णितपणाही त्याने मागे ठेवू नये. शुद्धीत असताना, समभावाने, घरच्यांना सांगून घेतलेला निर्णय ही त्यांच्यावर केलेली करुणाच आहे.